इमोजेन की इनोजेन? एका स्त्रीनामाची उत्पत्ती, अर्थ आणि रूढी

विशेषनामांच्या अभ्यासात सामान्यतः तीन प्रश्न विचारले जातात : नाव कोठून आले, त्याचा अर्थ काय, आणि ते लोकांत कसे रुजले. नामकोशांत ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ओळीत आणि एकाच निश्चयाने दिलेली असतात. जणू उत्पत्तीतून अर्थ आणि अर्थातून लोकप्रियता अनायासे निष्पन्न होते. वस्तुस्थिती तशी नसते. हे तीन प्रश्न तीन निरनिराळ्या प्रकारच्या पुराव्यांनी सोडवावयाचे असतात आणि त्यांची उत्तरे परस्परांशी जुळतीलच असे नाही. इंग्रजीतील ‘इमोजेन’ हे स्त्रीनाम ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. दीर्घकाळ दुर्मीळ राहिलेले हे नाव शेक्सपिअरच्या ‘सिंबेलीन’ ह्या नाटकाच्या नायिकेचे. ते शेक्सपिअरने लिहिलेच नव्हते, लेखनिकाच्या वा जुळाऱ्याच्या चुकीतून ते जन्मास आले, असे मत गेल्या अर्धशतकात बळावले आहे. हे मत मान्य केल्यास पाठसंपादकाने काय करावे, नामकोशकाराने काय करावे आणि समीक्षकाने नायिकेविषयी काय म्हणावे, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१

प्रथम पुरावा पाहावा. ‘सिंबेलीन’चा रचनाकाल १६१०च्या सुमाराचा मानला जातो. नाटकाची उपलब्ध असलेली एकमेव प्राचीन संहिता म्हणजे १६२३ सालच्या ‘फर्स्ट फोलिओ’तील छापील पाठ होय. तीत नायिकेचे नाव सर्वत्र ‘इमोजेन’ असेच आहे. केवळ ह्या संहितेवर विसंबावयाचे तर प्रश्नच उद्भवत नाही.

परंतु फोलिओच्या बाहेरील तीन साक्षी तिच्याविरुद्ध उभ्या राहतात. पहिली साक्ष सायमन फॉर्मन ह्या ज्योतिषी-वैद्याची. त्याने १६११मध्ये पाहिलेल्या काही नाटकांची टिपणे करून ठेवली आहेत. त्यांत ‘सिंबेलीन’चे कथानक सांगताना तो नायिकेला ‘इनोजेन’ म्हणतो. फॉर्मन त्याच वर्षी वारला. अर्थात् त्याची साक्ष छापील पाठाहून बारा वर्षांनी जुनी आणि त्याच्यापासून सर्वस्वी स्वतंत्र आहे. दुसरी साक्ष स्वतः शेक्सपिअरच्याच दुसऱ्या नाटकाची. ‘मच अडू अबाउट नथिंग’च्या १६००मधील क्वार्टो आवृत्तीत पहिल्या अंकाच्या आरंभीच्या रंगसूचनेत लिओनाटोबरोबर त्याची पत्नी ‘इनोजेन’ प्रवेश करते. ह्या पात्राच्या तोंडी नाटकभर एकही वाक्य नाही. लेखकाने योजून पुढे सोडून दिलेले ते पात्र आहे. तथापि लिओनाटो आणि इनोजेन ही जोडी लक्षणीय ठरते; कारण ‘सिंबेलीन’च्या नायकाचे नाव पोस्थ्युमस लिओनेटस असे आहे. नाटककाराच्या मनात ही दोन नावे एकत्र नांदत होती, असे अनुमान त्यावरून निघते. तिसरी साक्ष मूलस्रोताची. ब्रिटनच्या पौराणिक इतिहासासाठी शेक्सपिअरने ज्याचा आधार घेतला त्या हॉलिन्शेडच्या बखरीत, ब्रिटनचा आद्य राजा ब्रूट ह्याच्या पत्नीचे नाव इनोजेन असे आहे. तेथून मागे गेल्यास १२व्या शतकातील मॉन्मथच्या जेफ्रीच्या ग्रंथात ती ‘इग्नोगे’ ह्या रूपात, ग्रीक राजा पँड्रसस ह्याची कन्या म्हणून भेटते; आणि स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’मध्येही ती आहे. शेक्सपिअरच्या पूर्वी ‘इनोजेन’ला असा वंश आहे, ‘इमोजेन’ला तो नाही.

चूक कशी घडली असावी हे समजण्यास देवनागरी पोथ्यांच्या वाचकास फारसे सायास पडू नयेत. तत्कालीन इंग्रजी धावत्या हस्ताक्षरात ‘न’कार दोन आखूड उभ्या रेघांनी आणि ‘म’कार तीन रेघांनी लिहिला जाई. ‘इनोजेन’मधील जोड नकाराच्या चार रेघा, त्यांतील एक निसटली वा मोजण्यात चुकली की उरतो तो मकार. आपल्याकडे ‘ख’ हा ‘रव’ वाचला जाणे किंवा ‘भ’–‘म’, ‘घ’–‘ध’, ‘थ’–‘य’ ह्यांची अदलाबदल होणे ज्या जातीचे, त्याच जातीचा हा प्रमाद होय. छंदाच्या दृष्टीने दोन्ही रूपे सारखीच असल्याने ओळीच्या मापावरून निर्णय होऊ शकत नाही.

विरुद्ध पक्ष दुबळा मात्र नाही. चूक एखाद्या ठिकाणी होते. येथे तर नाव प्रत्येक ठिकाणी सारखेच आहे. शिवाय ‘मच अडू’मधील ‘इनोजेन’ त्याच १६२३च्या ग्रंथात तसेच छापले गेले आहे. म्हणजे ह्या छापखान्यास ते नाव वाचता येत नव्हते असे नव्हे. ह्या आक्षेपांपैकी दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे : ‘मच अडू’ छापील क्वार्टोवरून जुळविले गेले, हस्तलिखितावरून नव्हे, तेथे रेघा मोजण्याचा प्रसंगच नव्हता. पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की, फोलिओसाठी सिद्ध केलेली प्रत एखाद्या व्यवसायी लेखनिकाने स्वच्छ उतरवून दिलेली असेल, तर त्याने नाव आरंभी एकदा चुकीचे वाचल्यावर पुढे ते सर्वत्र तसेच उतरविणे स्वाभाविक आहे. सातत्य हे नेहमीच शुद्धतेचे गमक नसते. कित्येकदा ते केवळ लेखनिकाच्या काटेकोरपणाचे गमक असते. राहता राहिली एक शक्यता : शेक्सपिअरने स्वतःच पुढे नाव बदलले असेल. ती नाकारता येत नाही, परंतु तिला स्वतंत्र आधारही नाही.

ह्या पुराव्याच्या बळावर १९८६मध्ये स्टॅन्ली वेल्स आणि गॅरी टेलर ह्यांच्या प्रधान संपादकत्वाखाली निघालेल्या ऑक्सफर्ड आवृत्तीने मूळ संहितेत ‘इनोजेन’ हा पाठ घेतला. त्यानंतरच्या संपादकांत ह्या बाबतीत दोन तट पडले आहेत.

२

आता अर्थाचा प्रश्न. नामकोशांत ‘इमोजेन : कन्या, कुमारी’ असा अर्थ आढळतो. त्याचे मूळ ‘इनोजेन’चा संबंध आयरिश भाषेतील ‘इंगेन’ (कन्या) ह्या शब्दाशी जोडण्यात आहे. ह्या आयरिश शब्दाची परंपरा मात्र निर्विवाद आणि अतिशय रमणीय आहे. वेल्समधील एग्लुइस किमिन येथील द्वैभाषिक शिलालेखात लॅटिनमध्ये ‘फिलिआ’ असे आहे आणि ओगम लिपीतील भागात त्याच जागी ‘इनिगेना’ हे रूप आहे. मूळ केल्टिक रूपाचा अर्थ ‘आत, घरात जन्मलेली’ असा होतो, आणि त्यातील ‘गेन’ हा अंश संस्कृतातील जन् धातूचा सगोत्र आहे. लॅटिन ‘जेनस’ आणि आपले ‘जनन’, ‘जनक’ हे त्याच कुळातील शब्द होत. (मात्र ‘स्त्री’ ह्या अर्थाचा वैदिक ‘जनि’ शब्द येथे ओढून आणणे योग्य नव्हे, तो ग्रीक ‘गुने’ शब्दाच्या कुळातील, म्हणजे वेगळ्या मुळाचा आहे. ध्वनिसाम्य हे व्युत्पत्तिशास्त्रातील सर्वांत मोठे प्रलोभन असते, ह्याचे हे घरचेच उदाहरण.)

तथापि ‘इंगेन’ची परंपरा पक्की असली म्हणून ‘इनोजेन’ तिच्यात बसते असे सिद्ध होत नाही. जेफ्रीची इग्नोगे ही ग्रीक राजकन्या आहे, आयरिश नव्हे; सामान्यनामाचे विशेषनाम केव्हा व कोठे झाले ह्याचा दुवा जुळत नाही. दुवा जुळला असे क्षणभर धरले, तरी तो अर्थ ‘इनोजेन’चा ठरेल. ‘इमोजेन’ ह्या रूपातील मकार केल्टिक नाही, लॅटिन नाही. तो हस्ताक्षराचा आहे. त्याला व्युत्पत्ती नाही, केवळ घटना आहे. कोशात पितामहाची मिळकत नातीच्या नावावर चढविताना मधल्या पिढीत दत्तकविधान झाले आहे, हे नमूद केलेच पाहिजे.

भारतीय व्याकरणपरंपरेला ही परिस्थिती अपरिचित नाही. महाभाष्यात पतंजलीने शब्दप्रवृत्तीचे चार प्रकार मानले आहेत : जातिवाचक, गुणवाचक, क्रियावाचक आणि चौथा यदृच्छाशब्द. ‘डित्थ’सारखे हे चौथ्या प्रकारचे शब्द कोणत्याही अवयवार्थाशिवाय, नाव ठेवणाऱ्याच्या इच्छेने प्रवृत्त होतात. ह्याहूनही समर्पक चर्चा दुसऱ्या शिवसूत्रावरील भाष्यात आहे. तेथे ‘ऌतक’ नावाच्या व्यक्तीचे उदाहरण येते. एक विचार असा की, यदृच्छेने कोणाचे नाव ‘ऌतक’ असेल तर शास्त्राला त्या रूपाची सोय करावीच लागेल. त्याचबरोबर, ‘ऋतक’ म्हणावयाचे असता उच्चारणाच्या अशक्तीमुळे एखादी स्त्री ‘ऌतक’ म्हणाली, आणि कोणी तिचे अनुकरण करून दाखविले, तर त्या अनुकरणाचे काय, असाही प्रश्न उपस्थित केला आहे. ह्यावर वार्तिककाराचा पक्ष असा की, ‘ऋतक’ हे न्याय्य रूप उपलब्ध असताना संज्ञांच्या बाबतीत त्याचीच कल्पना करावी.

ऑक्सफर्डच्या संपादकांचा पक्ष हा तत्त्वतः वार्तिककाराचा पक्ष आहे : न्याय्य रूप उपलब्ध आहे, तेव्हा तेच कल्पावे. मात्र भाष्यातील भेद त्यांच्या वादात स्पष्ट होत नाही. प्रमादातून निघालेला उच्चार ही एक गोष्ट. तोच उच्चार एखाद्या व्यक्तीचे नाव म्हणून योजला गेला की ती दुसरी गोष्ट. पहिल्याची दुरुस्ती शक्य आहे. दुसऱ्याची दुरुस्ती म्हणजे नव्याने नामकरण होय.

मराठीत ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. ‘अनसूया’ हा शब्द ‘असूया नसलेली’ अशा स्वच्छ यौगिक अर्थाचा. मराठी मुखात स्वरांची अदलाबदल होऊन आणि ‘अनु’ उपसर्गाचा भास होऊन त्याचे ‘अनुसया’ झाले. अत्रिऋषींच्या पत्नीचे नाव संपादित ग्रंथात ‘अनसूया’ असे छापणे अवश्य आहे. परंतु जिचे नाव अनुसयाबाई आहे तिच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा सातबाऱ्यावर व्युत्पत्तीच्या आधारे दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणत्याही वैयाकरणास नाही. तेथे ‘अनुसया’ हेच शुद्ध रूप होय.

३

रूढीचा इतिहास पाहिला म्हणजे हा भेद अधिक ठळक होतो. १७८४मध्ये विल्यम गॉडविनने ‘इमोजेन’ नावाची एक गोपकादंबरी प्रसिद्ध केली. प्राचीन वेल्समध्ये घडणारी ही कथा आपण जुन्या ब्रिटिश भाषेतून उतरवीत आहोत, असा आव त्याने आणला होता. म्हणजे छपाईपासून पुऱ्या दोन शतकांच्या आतच हे रूप इतके मुरले की ते प्राचीनतेचे चिन्ह म्हणून वापरता येऊ लागले. मॅथ्यू लुइसच्या १७९६च्या ‘द मंक’मधील एका प्रसिद्ध पोवाडावजा कवितेची नायिका इमोजिन आहे; मॅच्युरिनच्या १८१६च्या ‘बर्ट्रम’ नाटकातही ती आहे, आणि त्या नाटकाच्या आधाराने रचलेल्या बेलिनीच्या ‘इल पिराटा’ (१८२७) ह्या संगीतिकेत ती इटालियन रंगभूमीवर पोहोचली. कीट्सने १८१८च्या एका पत्रात कविप्रकृतीचे वर्णन करताना दुष्टतेचे टोक म्हणून इयागोचा आणि सौजन्याचे टोक म्हणून इमोजेनचा उल्लेख केला. ह्या उल्लेखाला टीपेची गरज भासत नाही. विशेषनाम गुणवाचक होऊ लागल्याची ती खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९६मध्ये, लायसिअम रंगमंदिरात एलन टेरीने ही भूमिका केली.

ह्या साहित्यिक कीर्तीच्या मानाने नवजात मुलींना हे नाव देण्याची प्रथा मंदगतीने वाढली. छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम (१८८३–१९७६) आणि संगीतकार गुस्ताव होल्स्टची कन्या, स्वतः संगीतरचनाकार असलेली इमोजेन होल्स्ट (१९०७–१९८४) ह्या त्या नावाच्या ख्यातनाम धारक. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘इमोजीन’ हे अखेरचा स्वर दीर्घ केलेले रूप बरेच चालले. विनोदी अभिनेत्री इमोजीन कोका (१९०८–२००१) हिचे नाव त्याचे उदाहरण. ब्रिटनमध्ये मात्र ‘इमोजेन’ सुशिक्षित कुटुंबांतच आढळणारे आणि विरळ असे राहिले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत चित्र पालटले : इंग्लंड व वेल्सच्या अधिकृत वार्षिक नामसूचींत ते पहिल्या शंभरांत स्थिर झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. संपादकांनी ‘इनोजेन’चा पुरस्कार केला १९८६मध्ये, ‘इमोजेन’ची लोकप्रियता वाढली ती त्यानंतर. पाळण्यात घालण्यासाठी कोणी ‘इनोजेन’ उचलल्याचे दिसत नाही. पाठशास्त्राचा निर्णय रूढीने फेटाळला असे म्हणण्यापेक्षा, रूढीला त्या निर्णयाशी कर्तव्यच नव्हते, असे म्हणणे रास्त होय.

४

ह्या सर्व विवेचनाचा नाटकाच्या आकलनाशी काय संबंध, हा खरा समीक्षेचा प्रश्न. ‘इनोजेन’च्या पुरस्कर्त्यांपैकी काही जण असा युक्तिवाद करतात की, ह्या नावात ‘इनोसन्स’ म्हणजे निष्पापता हा शब्द ऐकू येतो. नाटक तर खोट्या आरोपाला बळी पडलेल्या निष्पाप पत्नीचे. म्हणून हाच पाठ कवीस अभिप्रेत. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी पुरावा म्हणून अग्राह्य आहे. कारण तो चक्रक आहे : प्रथम नायिकेचे मर्म निष्पापता हे ठरवावयाचे, मग त्या मर्माशी जुळणारे रूप मूळ मानावयाचे, आणि अखेरीस त्या रूपावरून मर्म सिद्ध झाले असे म्हणावयाचे.

शिवाय शेक्सपिअरच्या ह्या कालखंडातील रीत पाहिली तर हा युक्तिवाद उलटतो. ‘पेरिक्लीझ’मधील मरीना समुद्रावर जन्मली म्हणून मरीना, ‘द विंटर्स टेल’मधील पर्डिटा हरवली म्हणून पर्डिटा, ‘द टेंपेस्ट’मधील मिरांडा विस्मयास पात्र म्हणून मिरांडा. ही तिन्ही नावे यौगिक आहेत, आणि नाटककार त्यांचा अर्थ प्रेक्षकांच्या कानी घालावयास विसरत नाही. ‘सिंबेलीन’मध्येही तो ह्या बाबतीत उदासीन नाही. पोस्थ्युमस हा पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला. लिओनेटस म्हणजे सिंहजात, हे अखेरच्या प्रवेशात दैवज्ञ फोड करून सांगतो. नायिका पुरुषवेषात ‘फिडेली’ म्हणजे एकनिष्ठ हे नाव घेते आणि रोमन सेनापती त्या नावाच्या यथार्थतेची तत्काळ प्रशंसा करतो. इतक्या नावांची निरुक्ती सांगणाऱ्या ह्या नाटकात नायिकेच्या मूळ नावाची निरुक्ती मात्र एकदाही येत नाही. कवीस ‘निष्पाप’ हा अर्थ सुचवावयाचा असता तर तो सांगण्यास त्याला संधी नव्हती असे नाही.

त्याऐवजी तो काय करतो ते पाहावे. भविष्यवाणीतील ‘कोमल वायू’चा उलगडा करताना तोच दैवज्ञ लॅटिन ‘मोलिस एअर’पासून ‘मुलिएर’ म्हणजे स्त्री, पत्नी, असा शब्द साधतो आणि तो नायिकेस लावतो. ही व्युत्पत्ती शास्त्रदृष्ट्या खोटी आहे. यास्काच्या निरुक्तातील कित्येक निर्वचनांप्रमाणे ती अर्थ आधी ठरवून शब्द मागाहून फोडते. परंतु नाट्यदृष्ट्या तिचे स्थान अचूक आहे. ज्या स्त्रीला पतीने केवळ दुसऱ्याच्या सांगण्यावरून व्यभिचारिणी ठरविले, तिला नाटकाच्या शेवटी ‘पत्नी’ हे सामान्यनाम परत मिळते. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ ह्यांत जे अंतर आहे, त्या अंतरात ह्या नायिकेचे सारे दुःख सामावले आहे. आणि त्यातून तिची सुटका तिच्या नावाच्या अर्थाने होत नाही, तिच्या आचरणाने होते. नाव इमोजेन असो वा इनोजेन, नाटक त्यावर भार टाकीत नाही.

ह्या निष्कर्षाला मराठी रंगभूमीच्या इतिहासात एक अनपेक्षित दुजोरा मिळतो. विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांनी १८७९मध्ये ‘सिंबेलीन’चे ‘तारा’ हे मराठी रूपांतर केले. इचलकरंजीकर मंडळींनी बडोदे येथे केलेल्या त्याच्या प्रयोगाचे वर्णन हॅरल्ड लिटलडेल ह्यांनी १८८०मध्ये ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये इंग्रज वाचकांसाठी लिहिले. महाजनींनी नायिकेच्या नावाचा ध्वनी राखला नाही. नाटकालाच तिच्या नव्या नावाने ओळख दिली. मराठी प्रेक्षकाच्या मनात ‘तारा’ म्हटल्यावर प्रातःस्मरणातील पंचकन्या येतात. पतीच्या वचनापायी हालअपेष्टा सोसणारी हरिश्चंद्राची तारामतीही फार दूर राहत नाही. मकार–नकाराचा वाद ज्याच्या कानावरही आला नव्हता अशा प्रेक्षकवर्गाला ती नायिका ओळखता आली. मूळ नावाचे एकही अक्षर न उरताही पात्र उरते, ह्याहून अधिक स्पष्ट प्रमाण मिळणे कठीण.

५

तात्पर्य, तीन प्रश्नांची तीन उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतात. नाटकाच्या चिकित्सक आवृत्तीत ‘इनोजेन’ हा पाठ घेणे समर्थनीय आहे. पण ते फॉर्मनची साक्ष, लिओनाटोची जोडी आणि बखरीतील परंपरा ह्यांच्या आधारे. निष्पापतेच्या ध्वनीच्या आधारे नव्हे. फोलिओचा पाठ अशा आवृत्तीत पानाच्या तळाशी पाठभेद म्हणून ठेवणे अर्थातच बंधनकारक आहे. नामकोशात ‘इमोजेन’ची नोंद स्वतंत्र असावी, तिचा उगम १६२३ची छापील संहिता हा द्यावा, आणि ‘कन्या’ हा अर्थ ‘इनोजेन’विषयीचे एक अनुमान म्हणून तेथे वळवावा. ‘इमोजेन’ला अवयवार्थ नाही, ते यदृच्छेने प्रवृत्त होऊन रूढीने सार्थ झालेले नाव आहे, आणि त्याचा जो अर्थ आहे तो त्या नायिकेच्या चरित्राने त्याला दिलेला आहे.

वार्तिककाराचे न्याय्य रूप ग्रंथात शोभते. ज्या मुलीला तिच्या आईबापांनी ‘इमोजेन’ म्हणून हाक मारली, तिच्या बाबतीत मात्र लेखनिकाच्या हातून निसटलेली ती एक रेघ आता परत मिळविण्याजोगी राहिलेली नाही, आणि तिला त्या रेघेची उणीवही नाही.